मुसा बुसीची खुर्ची

सहाशे माणसे मावतील एवढा डेरा, उंची सुमारे तीस फूट. एका टोकाला चौथरा, त्यावर किरमिजी मखमलीचा जरतारी गालिचा आणि गालिच्यावर हातांची खुर्ची. खुर्चीवर फ्रान्सच्या राजाचे राजचिन्ह भरतकामात काढलेले. तीत बसलेला माणूस जेमतेम तिशीतला. अंगात भरजरी पोशाख, डोक्यावर कशिद्याची टोपी, समारंभाच्या दिवशी पायांत काळ्या मखमलीचे भरतकाम केलेले जोडे. त्याच्या उजव्या-डाव्या हाताला डझनभर अधिकारी बसलेले, तेही खुर्च्यांवरच. पण त्यांच्या खुर्च्यांना नुसती पाठ आहे, हात नाहीत. समोर फ्रेंच पहारा, त्याच्यामागे तुर्की पहारा. जेवण चांदीच्या भांड्यांत, तीन-तीन, चार-चार फेऱ्यांत वाढले जाई. स्वारी निघाली की हत्तीपुढे भाट आणि गवई त्याची कीर्ती गात चालत.

हा माणूस म्हणजे शार्ल द बुसी. मराठी कागदपत्रांत तो ‘मुसा बुसी’ म्हणून येतो. वरचे वर्णन एका फ्रेंच माणसाने केलेले आहे. मुसलमान होऊन हाजी मुस्तफा झालेल्या या गृहस्थाने सय्यद गुलाम हुसेन खान यांच्या ‘सियर-उल-मुताखरीन’ या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर कलकत्त्यात १७८९ मध्ये छापले, आणि भाषांतराच्या तळटिपांत स्वतःच्या आठवणी मनसोक्त ओतल्या. तळटिपांत रमणारे भाषांतरकार एरवी वाचकाला छळतात; याने मात्र एक खुर्ची इतिहासासाठी राखून ठेवली.

आज विमानाने छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादला, येणारा माणूस चिकलठाण्याला उतरतो आणि औद्योगिक वसाहतीच्या कडेने, जालना रस्त्याने पश्चिमेला शहराकडे निघतो. गाडीवान त्याला मलिक अंबर सांगतो, औरंगजेब सांगतो, पाणचक्की आणि मकबरा दाखवतो. ज्या सात वर्षांत या शहरात दख्खनची सुभेदारी एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या तोफांच्या आधाराने उभी होती, त्या वर्षांबद्दल बहुधा कुणी बोलत नाही. १७५१ ते १७५८ हा तो काळ. फ्रान्समध्ये पंधराव्या लुईचे राज्य होते, आणि ज्याला जगभरचे संग्राहक आज ‘लुई पंधरावा शैली’ म्हणतात ते फर्निचर पॅरिसच्या कारखान्यांत तेव्हाच तयार होत होते. ही सात वर्षे खुर्चीच्या बाजूने पाहिली, तर नेहमीच्या लढाया-तहांच्या इतिहासात न दिसणारे बरेच काही दिसते.

निजाम-उल-मुल्क आसफजाह १७४८ मध्ये वारला आणि खुलदाबादेत दफन झाला. मागे मुलगे, नातू आणि प्रत्येकाचे दावे. पाँडिचेरीचा गव्हर्नर दुप्लेक्स याने नातू मुजफ्फरजंग याला उचलून धरले. फेब्रुवारी १७५१ मध्ये मुजफ्फरजंग दख्खनच्या वाटेतच मारला गेला, तेव्हा छावणीत असलेल्या बुसीने वेळ न दवडता निजामाचा मुलगा सलाबतजंग याला गादीवर बसवले. त्याच वर्षी जूनमध्ये नवा सुभेदार औरंगाबादेत दाखल झाला. त्याच्याबरोबर बुसीचे सुमारे तीनशे फ्रेंच आणि दोन हजार कवायती शिपाई होते. सुभ्याच्या अफाट फौजेपुढे हा आकडा किरकोळ. पण भराभर डागता येणाऱ्या हलक्या तोफा आणि एका हुकमावर एकदम गोळी झाडणारी पलटण, हे दख्खनने तोवर पाहिले नव्हते.

बुसीने शहरात आपल्या लोकांसाठी तटबंदीची वेगळी जागा मागून घेतली. परवानगीशिवाय शिपायाने बाहेर पडायचे नाही, बाजारात दंगा करायचा नाही, असा कडक शिरस्ता त्याने घातला. यात त्याची हुशारी होती. परक्या पलटणीचा गावाला पहिला त्रास दारूच्या पिठावर आणि बाजारपेठेत होतो, हे त्याला ठाऊक होते. शिपाई दडवायचे आणि थाट दाखवायचा, असा त्याचा हिशेब दिसतो. थाटाच्या मध्यभागी ती खुर्ची होती.

डेऱ्यातल्या हातांच्या आणि बिनहातांच्या खुर्च्या हा योगायोग नव्हता. व्हर्सायच्या राजवाड्यात कोण कशावर बसणार यावर घराण्यांची इभ्रत ठरे. हातांची खुर्ची राजासाठी. त्याखाली पाठ असलेली, पण हात नसलेली. त्याखाली नुसते बिनपाठीचे गादीदार आसन; राजाराणीसमोर तेवढ्यावर बसायला मिळावे म्हणून ड्यूकांच्या बायका आयुष्य वेचत. बाकीचे दरबारी तासन्‌तास उभे. बुसी हा काही बड्या सरदाराचा वारस नव्हता. व्हर्सायला गेला असता तर तोही उभ्यांतच असता. दख्खनमध्ये त्याने राजाचे चिन्ह पाठीशी घेऊन राजाचे आसन स्वतःला घेतले, अधिकाऱ्यांना एक पायरी खाली बसवले आणि सगळा देखावा अशा उंचीवर मांडला की आत येणाऱ्याला मान वर करूनच पाहावे लागेल.

ही मांडणी समोरच्या माणसांना उमगत होती, कारण बैठकीचे राजकारण इकडेही कमी नव्हते. फरक एवढाच की इकडे सारे जमिनीवर चाले. मसनद, लोड, तक्के, आणि गादीपासून कोण किती हातांवर बसला, कुणाला उठून सामोरे जायचे, कुणाला नुसती मान हलवायची, यावर मानपान ठरे. पुण्याच्या दरबाराने हा नियम गोऱ्यांनाही लावला. १७९० च्या तहाच्या वेळी सवाई माधवराव गादीवर आहेत आणि इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट समोर बिछायतीवर पाय दुमडून बसला आहे, असे चित्र जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पुरे केले. घट्ट विजारीत मांडी घालणे त्या मंडळींना किती सुखाचे झाले असेल, ते चित्रकाराने दाखवलेले नाही. बुसीने मात्र लोकांना आपल्या डेऱ्यात बोलावले आणि बैठकीची उंचीच बदलून टाकली.

खुर्ची पॅरिसहून आलेली असो की पाँडिचेरीच्या सुताराने घडवलेली, तिचा घाट त्या काळच्या फ्रान्सचा होता. तो घाट समजून घेण्याजोगा आहे, कारण खुर्ची या वस्तूवर इतके डोके त्याआधी क्वचितच कुणी चालवले असेल. चौदाव्या लुईच्या काळातली आसने ताठ, उंच पाठीची, बसणाऱ्याला शिक्षा केल्यासारखी. पणतवाच्या काळात माणसे मोठ्या दालनांतून छोट्या खोल्यांत आली, गप्पा मारू लागली, पत्ते खेळू लागली. मग खुर्चीही मऊ झाली. पाठ ठेंगणी झाली. पाय नागमोडी वळले आणि खाली आत घेतले गेले. बायकांच्या घेरदार झग्यांना अडचण नको म्हणून हातांचे खांब पुढच्या पायांवरून उचलून मागे सरकवले. सरळ रेघ दिसली की सुताराला चैन पडत नसावी: चौकटीवर शिंपले, फुले, पानांच्या वेलबुट्ट्या, आणि त्याही बऱ्याचदा डावी-उजवी जुळू न देता काढलेल्या.

असली खुर्ची एका हाताने होत नसे. सुतार बीच किंवा अक्रोडाच्या लाकडाचा सांगाडा जोडायचा. कोरीव काम करणारा वेगळा, त्याची संघटनाही वेगळी. मग मुलामावाला खडू आणि सरसाचे थरावर थर देऊन, त्यावर रंगीत माती चढवून सोन्याचा वर्ख बसवायचा आणि अकीकाच्या दगडाने घोटून त्याला चकाकी आणायचा. शेवटी गादी भरणारा घोड्याचे केस ठासून वर कापड ताणायचा. एकाने दुसऱ्याचे काम केले तर दंड. तिलियार, फोलियो ही त्या काळची नावाजलेली खुर्चीवाल्यांची घराणी. सुतारांच्या संघटनेने १७४३ मध्ये केलेल्या नियमावलीत प्रत्येक उस्तादाने मालावर आपल्या नावाचा शिक्का ठोकावा असे कलम घातले. पॅरिसच्या न्यायसभेत त्या नियमावलीची नोंद झाली १७५१ मध्ये, म्हणजे बुसी औरंगाबादेत शिरला त्याच वर्षी. आज लिलावात खुर्ची उलटी करून भिंग लावून जो ठसा शोधतात, तो हा.

हे सामान दख्खनच्या हवेत टिकणे कठीण होते. पातळ लाकडी पापुद्रे सरसाने चिकटवून सजवलेली कपाटे पावसाळ्यात फुगत आणि उन्हाळ्यात सुटत. वाळवीला तर सोन्याचा वर्ख आणि साधा रंग यांत भेद कळत नाही. म्हणून पाँडिचेरीत फ्रेंच वळणाचे पाय, पण भरीव शिसवी लाकूड आणि गादीऐवजी वेताची विणलेली बैठक अशी इथली जात तयार झाली. वेताची बैठक मुळात आशियातलीच. सतराव्या शतकात कंपन्यांच्या जहाजांतून ती युरोपात गेली आणि पॅरिसमध्ये तिची फॅशन झाली होती.

पुण्याला हा शेजार मानवणारा नव्हता. १७५१ च्या हिवाळ्यात बुसी सलाबतजंगाला घेऊन थेट पुण्याच्या रोखाने निघाला. नानासाहेब पेशव्यांच्या फौजा त्याला वाटेत झोंबत राहिल्या. चंद्रग्रहणाच्या रात्री, छावणी स्नान-जपात असताना, बुसीने अंधारात तोफा आणून छापा घातला. पेशवे कसेबसे निसटले. पुढे तळेगाव ढमढेरे लुटले गेले. पण मराठ्यांनी रसद तोडायची जुनी रीत सोडली नाही, इकडे सलाबतजंगाच्या शिपायांचे पगार थकले, आणि जानेवारी १७५२ मध्ये दोन्ही बाजूंनी लढाई थांबवली. एप्रिलमध्ये सलाबतचा दिवाण रामदास पंडित थकलेल्या पगारापायी बिथरलेल्या शिपायांच्याच हातून मारला गेला. तोफा फ्रेंच असल्या तरी खजिना दख्खनचाच होता, आणि तो रिकामा होता.

ऑक्टोबर १७५२ मध्ये सलाबतचा थोरला भाऊ गाजीउद्दीन दिल्लीहून सुभेदारीची सनद घेऊन, मराठ्यांच्या पाठिंब्याने, औरंगाबादेत येऊन बसला. थोड्याच दिवसांत जेवणातून विष देऊन त्याला संपवले गेले. विष दिले ते सावत्र आईने. पेशव्यांनी मात्र मेलेल्याने कबूल केलेला मुलूख जिवंत भावाकडून वसूल केला: नोव्हेंबरच्या भालकीच्या तहात तापी-गोदावरीच्या दरम्यानचा पश्चिमेचा प्रदेश पदरात पाडून घेतला. त्या वर्षात सर्वांत कमी दारूगोळा खर्चून सर्वांत जास्त कमावणारा माणूस पुण्याच्या गादीवर बसलेला होता.

पुढच्या वर्षी बुसी आजारी पडून मच्छलीपट्टणला गेला. तेवढ्यात दिवाण सय्यद लष्करखानाने फ्रेंच पलटणीची पांगापांग करायचा घाट घातला. बुसी बरा होऊन परतला, नोव्हेंबर १७५३ मध्ये औरंगाबादेत सलाबतजंगाशी समेट केला आणि यापुढे पगारासाठी हात पसरायला नको म्हणून चार सरकारांचा, म्हणजे महसुली विभागांचा, वसूलच मागून घेतला: मुस्तफानगर, एलुरू, राजमहेंद्री आणि श्रीकाकुळम. पूर्व किनाऱ्याची ही सलग पट्टी. तिचा कागद मात्र झाला समुद्रापासून शेकडो मैल दूर, या शहरात.

त्या किनाऱ्यावर काय पिकत आणि विणले जात होते, ते पाहिले की ही गोष्ट पुन्हा खुर्चीपाशी येते. मच्छलीपट्टणच्या आसपासची छीट आणि कलमकारी यांनी युरोपला वेड लावले होते. कापड हलके, रंग धुऊन न जाणारे, आणि किंमत रेशमापेक्षा कितीतरी कमी. फ्रान्सच्या रेशीमवाल्यांनी आणि लोकरवाल्यांनी बोंब ठोकली, तेव्हा १६८६ मध्ये चौदाव्या लुईने हे कापड आणायला, छापायला आणि वापरायलाही बंदी केली. पुढे बंदी कडक होत गेली. चोरटा माल आणणाऱ्यांना जबर शिक्षा झाल्या, अंगावर छिटाचा झगा घालून रस्त्यावर निघालेल्या बायकांना अडवले जाऊ लागले. आणि सगळ्यांत वरच्या घरांत ही बंदी कुणी जुमानत नव्हते. खुद्द पंधराव्या लुईची लाडकी मादाम द पोंपादूर हिच्या बेलव्ह्यूच्या वाड्यात खुर्च्या-पलंगांचा एक पूर्ण संच बेकायदा हिंदुस्थानी छिटाने मढवलेला होता. राजा तिथे येऊन बसत असे.

त्या काळच्या भारी खुर्च्यांत गादीची चौकट सुटी असे. खिट्या फिरवल्या की बैठक आणि पाठ निघत. हिवाळ्यात मखमल किंवा चित्रविणीचे जाड कापड, उन्हाळा आला की ते उतरवून हलके काही. उन्हाळ्याच्या या पोशाखाला छिटासारखे दुसरे कापड नव्हते. म्हणजे इकडे दख्खनमध्ये फ्रेंच सेनापती आपली सत्ता ठसवायला राजाचे चिन्ह भरलेल्या खुर्चीत बसत होता, आणि तिकडे त्याच राजाच्या राज्यात कायद्याने बंद असलेले, याच सेनापतीच्या पदरी पडलेल्या किनाऱ्यावरचे कापड राजाच्या बुडाखाली होते. सत्ता आणि आवड यांचे मार्ग असे एकमेकांना न विचारता चालतात, आणि मला तरी त्यात आवडीचाच मार्ग जास्त दूरवर गेलेला दिसतो.

औरंगाबादेतल्या खेळाचा शेवट रक्ताने झाला. १७५८ मध्ये सलाबतचा भाऊ निजामअली वरचढ होऊ लागला. बुसीने दौलताबादचा किल्ला युक्तीने ताब्यात घेतला होता. त्याचा दिवाण हैदरजंग निजामअलीला दूर पाठवण्याच्या खटपटीत होता. १२ मे रोजी निजामअलीने हैदरजंगाला भेटीला बोलावून ठार मारले. बातमी पसरताच जो दंगा उसळला, त्यात कैदेत असलेला जुना दिवाण शाहनवाजखान कापला गेला. हाच ‘मआसिर-उल-उमरा’ या मोगल उमरावांच्या चरित्रकोशाचा कर्ता. त्याच्या घराची लूट झाली आणि त्या ग्रंथाची पाने विखुरली. पाणचक्कीजवळच्या तकियात राहणारा त्याचा मित्र, कवी आणि पंडित गुलामअली आझाद बिलग्रामी, ती पाने शोधत फिरला, जमतील तेवढी जमवली आणि ग्रंथ पुन्हा उभा केला. मोगल इतिहासावर आज लिहिणारा प्रत्येक जण त्याचा ऋणी आहे. त्या साऱ्या धामधुमीत औरंगाबादने जगाला दिलेली सर्वांत टिकाऊ वस्तू ही.

त्याच वर्षी फ्रान्सहून नवा सरसेनापती लाली आला. त्याला दख्खन म्हणजे उधळपट्टी वाटत होती. त्याने बुसीला पाँडिचेरीला बोलावून घेतले. बुसी गेला आणि त्याच्यामागे फ्रेंच सत्ता वर्षभरही उरली नाही. एप्रिल १७५९ मध्ये इंग्रज कर्नल फोर्डने मच्छलीपट्टण घेतले. मे महिन्यात सलाबतजंगाने, ज्याला बुसीने गादीवर बसवले होते त्यानेच, फ्रेंचांना नोकरीत ठेवणार नाही असे इंग्रजांना लिहून दिले. जानेवारी १७६० मध्ये वांदिवाशच्या लढाईत बुसी कैद झाला. पुढच्या जानेवारीत पाँडिचेरी पडली आणि विजेत्यांनी तिथल्या फ्रेंच इमारती जमीनदोस्त केल्या. पानिपतही त्याच आठवड्यातले. पानिपतावर भाऊसाहेबांच्या तोफखान्याचा आणि गारदी पलटणींचा प्रमुख इब्राहिमखान होता. त्याने कवायत शिकली होती ती बुसीच्या हाताखाली.

फ्रेंच खुर्ची मराठी घरांत आली ती नंतर, आणि हुकमत गाजवायला नव्हे, तर विकत घेतलेली शोभा म्हणून. इंदूरच्या लालबागेत होळकरांनी फ्रेंच वळणाच्या सोनेरी महिरपी आणि बैठकी सजवल्या. पुढच्या पिढीत यशवंतराव होळकरांनी माणिकबागेसाठी १९३० च्या सुमारास रूलमानसारख्या पॅरिसच्या कारागिरांकडून नव्या धाटणीचे सामान मागवले. त्यातले बरेच १९८० मध्ये मोनाकोत लिलावात गेले. बेर्नार बूते द मोंवेल या फ्रेंच चित्रकाराने यशवंतरावांची दोन चित्रे काढली. एकात ते पाश्चात्त्य पोशाखात आहेत. दुसऱ्यात मराठी पागोटे आणि पांढरा पोशाख घालून मांडी घालून गादीवर बसले आहेत. घरात युरोपातल्या उत्तमोत्तम खुर्च्या असताना राजा म्हणून चित्रात राहायचे ते गादीवर, हे त्यांनी पक्के ठरवले असावे.

तिकडे ५ सप्टेंबर १७५९ रोजी फ्रान्सने छिटावरची बंदी उठवली. जो किनारा हातून गेला, तिथले कापड आता घरी बनवायला मोकळीक मिळाली. दुसऱ्याच वर्षी ओबरकाम्फ नावाच्या जर्मन तरुणाने व्हर्सायजवळच्या झुई गावी सुती कापडावर छपाई सुरू केली. १७८३ मध्ये त्याच्या कारखान्याला राजकारखान्याचा किताब मिळाला. त्याचे कापड फ्रान्सभर भिंतींवर, पलंगांवर आणि खुर्च्यांवर चढले. त्यावरची पहिली फुले हिंदुस्थानी छिटावरूनच उतरवलेली होती.